उत्तरेचा उजेड

"निळी गाठ सापडली बरं का, आजोबा," असं सांगून सिस्टर निघून गेली. तिच्या रबरी चपलांचा आवाज कॉरिडॉरच्या टोकापर्यंत गेला आणि तिथं वळून नाहीसा झाला. मी अर्धवट उठलो होतो, तसाच अर्धवट राहिलो. विचारायला हवं होतं. चांगलं की वाईट, एवढंच. पण शब्द माझ्या तोंडाशी येईपर्यंत समोरचं माणूस नेहमीच निघून गेलेलं असतं. आयुष्यभर मी बहुतेक गोष्टी पाठमोऱ्या माणसांनाच विचारत आलो आहे. मी पुन्हा बाकावर बसलो. डाव्या मुठीत सुंदरम्माचं गळ्यातलं इष्टलिंग होतं, चांदीच्या करडगीसकट, म्हणजे त्याच्या डबीसकट. चांदी आता माझ्या हाताइतकीच गरम झाली होती, त्यामुळे मुठीत काही आहे की नाही हे मला मूठ थोडी दाबूनच कळत होतं.

थिएटरच्या दारात तिनं ते गळ्यातून काढून मला दिलं तेव्हा मी घाबरलो होतो. लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली, पण ते तिच्या अंगावेगळं झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. आमच्या मुलीच्या, सिद्धेश्वरीच्या जन्माच्या वेळीही नाही. सिस्टर म्हणाली होती, धातू आत चालत नाही. सुंदरम्मानं वाद घातला नाही. तिनं दोरा डोक्यावरून काढला, करडगी कपाळाला लावली आणि माझ्या तळहातावर ठेवली. "हातात धरून बसायचं. खिशात घालायचं न्हाय, बाकावर ठेवायचं न्हाय. चहाला गेलात तरी हातातच."

"आणि पुस्तक धरायचं असलं तर?" मी म्हणालो. अशा वेळी मला काहीतरी असंच सुचतं.

"उजवा हात कशाला दिलाय देवानं?" ती म्हणाली, आणि तिची चाकाची खुर्ची ढकलणाऱ्या माणसाकडे बघून हसली. दार बंद झालं. पुस्तक पिशवीत होतं. ते मी बाहेर काढलं नाही. पुस्तक हातात धरायची मला लाज वाटत होती, आणि तिचं कारण सुंदरम्माला ठाऊक नव्हतं, निदान मला तसं वाटत होतं.

निळी. म्हणजे कुठली निळी? माझं डोकं असंच चालतं, भीतीतसुद्धा. अडतीस वर्षं मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका डाइंगमध्ये शेड मिळवायचं काम केलं. चादरीच्या सुताच्या रंगवलेल्या लडी यायच्या, गिऱ्हाइकाचा नमुना यायचा, आणि दोन्ही सारखे आहेत की नाहीत हे मी सांगायचं. निळ्याचे मला साठ-सत्तर प्रकार ठाऊक होते. काळ्याचे त्याहून जास्त. काळा म्हणून काही नसतंच, कुठला निळ्याकडे झुकतो, कुठला तांबड्याकडे, कुठला आतून हिरवा असतो. परवा डॉक्टर विजयमालांनी टेबलावर ती लहानशी कुपी ठेवली आणि मिथिलीन ब्ल्यू हे नाव घेतलं, तेव्हा मला गर्दीत जुना ओळखीचा माणूस दिसावा तसं झालं. आमच्याकडे त्याला कुणी विचारत नसे. सुतावर टिकत नाही, उन्हात उडतो, कच्चा रंग. हा कच्चा रंग डॉक्टर सुंदरम्माच्या टाचेत टोचणार होत्या. डॉक्टर समजावून सांगत होत्या, चित्र काढून. लहानपणी पायात काटा मोडला की जांघेत अवधाण यायचं ना, त्याच गाठी. टाचेवरचा मेलानोमा, म्हणजे कातडीचा कॅन्सर, पुढं सरकला असेल तर आधी तिथं पोहोचतो. सगळ्या गाठी काढायच्या नाहीत. टाचेवरून निघालेली वाट ज्या गाठीपाशी पहिल्यांदा थांबते तेवढीच शोधायची. हे सगळं मी ऐकलं असणार, कारण आता ते मला आठवतं आहे. पण त्या वेळी मी नुसती मान हलवत होतो आणि कुपी खिडकीपाशी नेऊन उजेडात धरावी असं मला वाटत होतं. शेवटचं वाक्य मी ऐकलंच नाही. निळी झाली तर काय आणि नाही झाली तर काय, ते त्या शेवटच्या वाक्यात होतं.

आज सकाळी आणखी एक औषध टोचायचं होतं, मशीनला वाट दिसावी म्हणून. ते पुण्याहून आलं, पहाटे निघून, शिशाच्या डब्यात. दर सहा तासांनी त्याची शक्ती निम्मी होते, असं मशीनवरचा विरेश नावाचा तरुण सांगत होता. "गाडी टेंभुर्णीला आलीय," तो फोनवर कुणाला तरी म्हणाला, आणि मला वाटलं, गाडी इकडे येते आहे आणि डब्यातलं औषध मागं मागं जात आहे. मी डोळे मिटले तर हायवे दिसला, दोन्ही बाजूंना उसाचे ट्रॅक्टर, आणि मध्ये एक डबा, जो येता येता थोडा थोडा रिकामा होतो आहे. माझंही असंच आहे का? मी कुठंही पोहोचतो तेव्हा अर्धाच शिल्लक असतो. सुई टोचल्यावर सुंदरम्मा "आई ग" म्हणाली नाही, "अगागा, मुंगळा चावला की" म्हणाली. मग विरेशनं मला काचेतून पडद्याकडे बघू दिलं. पांढऱ्या पडद्यावर खाली एक काळा डाग होता, ती टाच. तिथून पुसट रेघ वर निघाली होती, तुटत तुटत, आणि वर जाऊन दोन ठिपक्यांत थांबली होती. पाय कुठंच नव्हता. पोटरी नाही, गुडघा नाही, ज्या पायाला मी लग्नात जोडवी चढवताना घाबरून दोनदा खाली पाडली होती तो पाय नाही, नुसती वाट. मी त्या रेघेवरून चालू लागलो. मला खरंच तसं वाटलं, मी खाली त्या डागापाशी उभा आहे आणि चालायला लागलो आहे, संथ, पाण्याच्या पाटाच्या कडेनं चालावं तसा, आणि माझ्या पुढं कुणीतरी चाललं आहे. ते किती पुढं आहे ते दिसत नाही. त्याला निघून तीन वर्षं झाली आहेत.

तीन वर्षं. हे सांगायला हवं.

सुंदरम्मा माझे कामाचे कपडे पायांनी तुडवून धुवायची. हातानं रंग निघत नसे. ती मोरीत साबणाचं पाणी करायची, पातळ वर खोचायची आणि कपड्यांवर उभी राहून तुडवत राहायची, तोंडानं कानडीत काहीतरी म्हणत. त्यामुळे तिचे तळवे बारा महिने रंगलेले असत. कधी जांभळे, कधी शेवाळी, बहुतेक वेळा काळे. मी मंगळवारी सुट्टीच्या दिवशी तिच्या पायांकडे बघून आठवड्यात कुठल्या लडी झाल्या ते सांगायचो आणि ती हसायची. आमच्या संसारातला तो एकच विनोद असेल जो मी केला. निवृत्त झालो आणि तिचे पाय पांढरे झाले. मग पाच वर्षांनी एका संध्याकाळी ती माझ्यासमोर मोड्यावर बसली, डावा पाय उजव्या गुडघ्यावर घेतला आणि म्हणाली, "री, हे बघा की. टाचेला कसला डाग हाय?" ती मला री म्हणते, तिच्या माहेरी अक्कलकोटकडे बायका नवऱ्याला तशीच हाक मारतात. मी वाचत होतो. बोट पानात ठेवून पुस्तक मिटलं, मान पुढं केली आणि बघितलं. किती वेळ? मी नंतर पुष्कळदा मोजून पाहिलं आहे. दोन श्वास. कदाचित एकच. मी म्हणालो, "रंग आहे. मुरलाय टाचेत." ती "हं" म्हणाली आणि भाकरी करायला उठली. मी पुस्तक उघडलं. कुठलं पुस्तक होतं ते मला आठवत नाही, आणि हे न आठवणं मला सगळ्यांत जास्त छळतं.

कातडीवरचा रंग पंधरा दिवसांत जातो. कातडीच झडते, तर रंग कुठं राहणार? हे मला अडतीस वर्षं ठाऊक होतं. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे खोलीत ट्यूबलाईट होती. डाइंगमध्ये मला शिकवलं ते नरसय्यांनी. शहराच्या पूर्वभागातले, पद्मशाली, तेलुगू विणकर, मराठी तोडून तोडून बोलायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी मला खांद्याला धरून उत्तरेच्या खिडकीपाशी उभं केलं. "इकडं ऊन येत नाय. फक्त उजेड येते. सकाळी अकराच्या आत बघायचं. दिव्याखाली काळा बघून हो म्हणलास, तर तू आंधळा." एकदा मालकाला ट्रक सोडायची घाई होती, संध्याकाळचे सहा वाजले होते, तर नरसय्यांनी ट्रक सकाळपर्यंत थांबवला होता, दोन लडींसाठी. मीही पुढं तसंच केलं. लोक मला चेष्टेत अकरावाले म्हणायचे. दिव्याखाली मी कधी एका चादरीच्या काठाला हो म्हटलं नाही. आणि बायकोच्या पायाला म्हटलं, मान वर न करता.

गेल्या महिन्यात सिद्धेश्वरी हुबळीहून आली. फरशीवर रक्ताचा ठसा तिनं पाहिला, आईचा पाय धरला आणि ओरडली, "अव्वा, हे कधीपासून आहे?" सुंदरम्मानं माझ्याकडे बघितलं नाही. "आत्ताच की," ती म्हणाली. मी बाजूला उभा होतो.

"मुठीत काय धरलंय ओ बाबा, मगाधरनं? पाखरू हाय व्हय?"

शेजारी एक बाई येऊन बसली होती. नऊवारी लुगडं, हातात पितळेची कडी, पायांत जाड वहाणा. ती कधी आली ते मला कळलं नव्हतं. मी मूठ थोडी उघडून दाखवली. "बायकोचा देव आहे. आत नेऊ देत नाहीत."

"मग घट धरा. माझा देव तर आत टेबलावर पडलाय. कानामागं गाठ आलीया. घरला असला की दिसभर वरडतोय, मेंढरापरास जास्त, अन् हितं डाक्टरीण बाईसमूर कसा गप." ती स्वतःशीच हसली आणि पदरानं डोळे पुसले. तिचं नाव केराबाई, गाव मंगळवेढ्याच्या पलीकडं, नवऱ्याचं नाव येडू, असं तिनं न विचारता सांगितलं. "तुमच्या मालकिणीचं काय?"

सिस्टरला, डॉक्टरला, मुलीला जे विचारता आलं नाही ते मी त्या बाईला विचारलं. का ते ठाऊक नाही. कदाचित ती समोर बघत होती, माझ्याकडे नाही, म्हणून. "टाचेला कॅन्सर आहे. जांघेतली गाठ निळी झाली म्हणतात."

"आपसूक?"

"नाही. डॉक्टरांनी टाचेत रंग टोचला. तो वर चढून गाठीत गेला."

"मग त्यात काय भ्यायचं?" आता तिनं माझ्याकडे वळून बघितलं. "आमी बी मेंढराच्या पाठीवर रंग लावतावच की. रंग लावला म्हंजी मेंढरू रोगी झालं व्हय? आपलं कुटलं, त्येवढंच कळतंय. हज्जारातनं उचलाया. ह्या गाठी बी कळपानंच असत्याल की आत. कुटली उचलायची ते कळाया नगं?"

"आणि रोगी आहे का ते?"

"ते मागनं बघायचं. धरून. डोळं बघायचं, खूर बघायचं. रंग कसा सांगल?" तिनं पिशवीतून शेंगदाणे काढले आणि माझ्या उजव्या हातावर ठेवले. "खावा. शिकल्याली माणसं लई भित्यात."

मी शेंगदाणे खाल्ले. डॉक्टरांचं ते शेवटचं वाक्य हेच असणार. रंग फक्त वाट दाखवतो. पुढं जे गेलं आहे ते रोग आहे की नुसता रंग, हे गाठ काढून, कापून, भिंगाखाली बघितल्यावर कळेल. म्हणजे वाईट बातमी नव्हती. चांगलीही नव्हती. मी मूठ उघडून करडगीकडे बघत बसलो. सुंदरम्मा रोज सकाळी आंघोळ झाली की डाव्या तळहातावर लिंग घेऊन बसते आणि त्या काळ्याभोर, गुळगुळीत लिंगाकडे एकटक बघत राहते. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं. पापणी हलत नाही. मी ते केव्हाच सोडून दिलं. मनात शंका फार, आणि हातात पुस्तक. ती काय बघते असं मी एकदा विचारलं होतं. "बघती," ती म्हणाली होती. "काय म्हंजे काय?"

चार वाजता डॉक्टर विजयमाला बाहेर आल्या. टोपीची रेघ कपाळावर उमटली होती. "दोन गाठी काढल्या. मशीननंही त्याच दाखवल्या, रंगानंही त्याच. टाचेचा भाग काढून मांडीची कातडी लावलीय. रिपोर्टला दहा दिवस." त्या थांबल्या. "काही विचारायचंय, काका?"

"नाही," मी म्हणालो. आणि मग, त्या वळल्यावर, "तीन वर्षं झाली असतील तर?"

त्या परत वळल्या. "कशाला तीन वर्षं?"

"डागाला."

त्यांनी हातातला पेपर बघितला. "पेपरवर दोन महिने लिहिलंय."

"तीन वर्षं," मी म्हणालो. "लिहून घ्या." त्यांनी खिशातून पेन काढलं आणि खरंच लिहून घेतलं. उत्तर दिलं नाही. दिलं असतं तरी मला ते ऐकू आलं असतं की नाही, सांगता येत नाही.

तिला खोलीत आणलं तेव्हा माझी मूठ उघडेना. एकेक बोट उजव्या हातानं सरळ करावं लागलं. तळहातावर करडगीच्या कडेचा गोल उमटला होता. ते गळ्यात घालताना ती अर्धवट जागी झाली. "चहाला गेलता?" "नाही." "बरं." सिस्टरनं सांगितलं, एक-दोन दिवस लघवी हिरवी-निळी होईल, घाबरू नका. झालीच तशी. सुंदरम्मा दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "अडतीस वर्षं तुमचा रंग बाहेरनं लागला. आता आतनं."

त्यानंतरचे दहा दिवस मला नीट आठवत नाहीत. बाळीवेशीतल्या आमच्या दोन खोल्यांत मी वावरत होतो, सिद्धेश्वरी सांगेल ते आणत होतो, पण दुपारी जरा डोळा लागला की मी त्या पांढऱ्या पडद्यावर असायचो. रेघेच्या कडेनं चालायचो. कधी रेघेतून निळं पाणी वाहत असायचं, कधी वर दोरीवर ओल्या लडी लटकत असायच्या, आणि त्यांच्या पलीकडं, दोन ठिपक्यांच्या अलीकडं, कुणीतरी पाठमोरं उभं. मी त्याला हाक मारायला तोंड उघडायचो आणि जाग यायची. सुंदरम्मा पलंगावर पाय उशीवर ठेवून तळहाताकडे बघत बसलेली असायची. दुपारीही करायला लागली होती आता, सकाळच्या जोडीला.

दहाव्या दिवशी संध्याकाळी सिद्धेश्वरी रिपोर्टचा लिफाफा घेऊन आली. तो माझ्या हातात देऊन ती खाली औषधांच्या दुकानात गेली. तिला माझ्यासमोर तो उघडायचा नव्हता, हे मला कळलं. दिवेलागण झाली होती. मी ट्यूबलाईट लावली, चष्मा लावला, लिफाफ्याची कड फाडायला घेतली. "थांबा," सुंदरम्मा म्हणाली.

मी थांबलो. वाटलं, आता नाही सांगितलं तर कधीच नाही. आत काय आहे ते कळल्यावर सांगितलं तर त्याला अर्थ उरणार नाही; चांगलं निघालं तर फुकट सुटण्यासाठी सांगितलं असं होईल, वाईट निघालं तर रडण्यासाठी. "त्या दिवशी मी तुझी टाच नीट बघितली नव्हती," मी म्हणालो. "रंग आहे म्हणालो. मला ठाऊक होतं की इतकी वर्षं रंग राहत नाही. मी बघितलंच नाही."

"ठाऊक हाय मला," ती म्हणाली. "पुस्तकातलं बोट कुठं काढलं होतं तुमी?"

मी चष्मा काढला. "मग पुन्हा का नाही विचारलंस?"

"रंग हाय म्हणालात की. मला तेच पायजे होतं." ती करडगीचा दोरा बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. "तुमी दुसरं काही म्हणाला असता, तर मी शेजारच्या काशम्माला विचारलं असतं. तिनं बी दुसरं म्हटलं असतं तर आणि कुणाला तरी. रंग हाय म्हणंपर्यंत." मग तिनं माझ्या हातातल्या लिफाफ्याकडे बोट केलं. "ते उद्या उघडा. सकाळी. दिव्याखाली आता काय बी बघायचं न्हाय."

सकाळी मी स्वयंपाकघरातली खुर्ची खिडकीपाशी ओढली. ती खिडकी उत्तरेला आहे; या घरात आलो तेव्हा ती मी पहिल्यांदा पाहिली होती आणि नंतर कधी पाहिली नव्हती, तिच्यासमोर डबे रचलेले होते. डबे सिद्धेश्वरीनं काढले. सुंदरम्मा तिच्या खांद्यावर हात टाकून एका पायावर उड्या मारत आली, "कांगारू झाले की" म्हणत, आणि खुर्चीत बसली. मी तिच्यासमोर पाटावर बसलो आणि तिचा पाय माझ्या मांडीवर घेतला. सव्वानऊ वाजले होते. ऊन नव्हतं, फक्त उजेड होता, सगळीकडून सारखा येणारा, ज्यात कुठल्याच वस्तूची सावली पडत नाही.

लिफाफा मी उघडला. इंग्रजी दोन पानं होती. पहिल्यांदा वाचलं तेव्हा अक्षरं नुसती डोळ्यांवरून गेली. मग बोट न ठेवता, ओळ न सोडता, पुन्हा वाचलं. दोन गाठी. दोन्हींत कॅन्सरच्या पेशी आढळल्या नाहीत. मी तिच्याकडे बघितलं आणि का कोण जाणे, कानडीत म्हणालो, "एनू इल्ला." काही नाही. सिद्धेश्वरी ओट्याला टेकून रडायला लागली. सुंदरम्मानं डोळे मिटले, करडगी कपाळाला लावली. मला वाटलं होतं, या क्षणी छातीवरचं काहीतरी उतरेल. उतरलं नाही. रोग त्या वाटेनं गेला नव्हता, म्हणून मी ती वाट तीन वर्षं मोकळी सोडली होती हे काही खोटं ठरत नव्हतं. पडद्यावर पाठमोरा उभा होता तो, त्यानं अजून तोंड वळवलं नव्हतं. पण तो आता फार लांब नव्हता, आणि मला तो ओळखीचा वाटत होता, पुस्तकाच्या पानात बोट ठेवून उभा.

"री," सुंदरम्मा म्हणाली. तिनं डोळे उघडले होते. टाचेवर जाड पट्टी होती. पट्टीच्या कडेला, घोट्याकडं, कातडीत रंग अजून होता. नखाएवढा, कडांना विरत गेलेला. "आता सांगा की. कुठली शेड हाय?"

मी पाय थोडा खिडकीकडे वळवला. वाकलो. निळा तर होताच, पण मधोमध तो निळा नव्हता, खालच्या कातडीचा पिवळा त्यातून वर येत होता, आणि एका बाजूला, एक शीर होती तिथं, तो जांभळ्याकडं झुकत होता, आणि तिच्या श्वासाबरोबर थोडा बदलतही होता. असा नमुना माझ्याकडे कधी आला नव्हता. जिभेवर पाच-सहा नावं आली, ती मी गिळली.

"काय हो? झोप लागली व्हय?"

"थांब," मी म्हणालो. "अजून बघतोय."